दुपारी एकचं कार्टून आणि रूमची वही

सातपूरच्या त्या खोलीत आम्ही तिघं राहत होतो, पण तिघंही एकाच वेळी जागे असायचो ते आठवड्यातून एकदाच, सुट्टीच्या दिवशी. बाकी दिवस एक फर्स्ट शिफ्टला, एक सेकंडला आणि एक नाईटला. शिफ्ट दर आठवड्याला फिरायच्या. कारखाने तिघांचे वेगळे, तरी आपापल्या सुपरवायझरला मस्का मारून त्या अशा बसवून घेतल्या होत्या की दोन खाटांवर तिघांचं भागावं. एक उठला की दुसरा त्याच गरम गादीवर आडवा. उन्हाळ्यात याचा त्रास व्हायचा. थंडीत मात्र आम्ही एकमेकांचे उपकार मानायचो.

खोली वरच्या मजल्यावर, पत्र्याची. खाली घरमालकीण. अख्खी गल्ली त्यांना मावशी म्हणायची आणि घाबरायची. मावशींचा नियम एकच होता आणि तो त्या महिन्यातून दोनदा जिन्याच्या तोंडाशी उभ्या राहून ऐकवायच्या, "तीन म्हणजे तीन. चौथं डोकं दिसलं की चारही डोकी रस्त्यावर. टाकीतलं पाणी काय माझ्या बापानं आणून ठेवलंय?"

खोलीतले सगळ्यात मोठे अण्णा. सटाण्याकडचे, चाळिशी ओलांडलेले, लेथवर कामाला. खोली त्यांनी घेतलेली. दुसरा वेल्डर. येवल्याकडचा, तिशीचा, तोंडाचा फटकळ आणि झोपेचा पक्का. तिसरा मी, सुरगाण्याकडच्या एका पाड्यावरचा, एकवीस वर्षांचा, पॉवर प्रेसवर वायसर पाडणारा. आठवीनंतर शाळा सुटली होती. शाळेनं सोडलं नव्हतं, मीच सुटलो होतो.

या दोघांच्यात मी कसा आलो ते सांगायला हवं, नाहीतर पुढं मी जो मूर्खपणा केला त्याचा उलगडा होणार नाही. नाशिकला आलो त्या पहिल्याच दिवशी मी चुकीच्या सिटीबसमध्ये बसलो आणि द्वारकेच्या चौकात उतरलो. चारी बाजूंनी ट्रक, रिक्षा, एसट्या. मला रस्ता ओलांडायचा होता. पाऊल टाकायचो, हॉर्न वाजायचा, पाऊल मागं. असं तासभर चाललं. पानटपरीवाल्यानं मला दोनदा विचारलं, "कुणाची वाट बघतोस का?" मी म्हटलं, "हो." शेवटी खांद्यावर कांद्याचं पोतं घेतलेल्या एका माणसानं काही न विचारता माझं मनगट धरलं आणि फरफटत पलीकडे नेलं. नेल्यावर विचारलं, "जायचं कुठं?" मी म्हटलं, "काम बघायला." ते अण्णा. त्या संध्याकाळी मी त्यांच्या खोलीत कांदे निवडत बसलो होतो आणि पुढची साडेतीन वर्षं तिथंच राहिलो.

पण मनातून मला कायम वाटायचं की ही जागा चुकून मिळालीय आणि चूक कधीतरी कुणाच्या तरी लक्षात येणार. मला भात जमायचा नाही, खालून करपायचा आणि वर कच्चा राहायचा. पोळी यायची नाही, येते ती नागलीची भाकरी, आणि ती खाऊन वेल्डर म्हणायचा, "हिला वेल्डिंग करून दाराला लावू." बाकी काही देता येत नाही म्हणून मी सारखा आभार मानायचो. अण्णांनी पाण्याचा तांब्या पुढं केला तरी आभार. वेल्डर वैतागून म्हणायचा, "अरे, मी फक्त बाजूला सरकलो. त्यात थँक्यू काय?"

तिघं भेटत नसू म्हणून खोलीत एक वही होती. दोनशे पानी, स्टोव्हजवळच्या खिळ्याला सुतळीनं टांगलेली. जो निघायचा तो पुढच्यासाठी निरोप लिहून जायचा. "दूध तापवलंय. झाकण काढू नये, मांजर आहे." "कुकरच्या तिसऱ्या शिट्टीची वाट पाहू नये, येत नाही." "माझा टॉवेल कोणी वापरला? वेल्डर." त्याखाली माझं अक्षर, "मी. चुकून. धुऊन टाकलाय. परत होणार नाही. खरंच परत होणार नाही." त्याखाली वेल्डरचं, "बस कर."

आणि खोलीत एक टीव्ही होता. चौदा इंची, ब्लॅक अँड व्हाइट, आधीच्या भाडेकरूनं जिन्यावरून उतरवायच्या कंटाळ्यानं सोडून दिलेला. मावशींच्या केबलमधून एक वायर वर आली होती. त्यावर रोज दुपारी एकला एक कार्टून लागायचं. पोरं शाळेत असतात त्या वेळी कार्टून कुणासाठी लावत होते देव जाणे. आम्ही तिघं मात्र ते आमच्यासाठीच आहे असं धरून चाललो होतो.

कुठल्या तरी परदेशातलं समुद्राकाठचं गाव, पण सगळे हिंदी बोलायचे. नाव इंग्रजीत यायचं आणि वाचून होईपर्यंत जायचं. दोन मित्र होते, एक उंच आणि एक बुटका. आम्ही त्यांना लंबू आणि ठेंगू म्हणायचो. ठेंगूला एक आजार होता. रोज सकाळी उठला की त्याच्या डोक्यातून एक गोष्ट गेलेली असायची. कधी पोहायचं कसं ते, कधी आजीच्या घराचा रस्ता, कधी कुत्र्याचं नाव. लंबू मग दिवसभर त्याच्याबरोबर हिंडायचा, आपण लहानपणी इथं असं केलं होतं, तिथं तसं पडलो होतो, असं सांगत सांगत ती गोष्ट त्याच्या डोक्यात परत घालायचा. संध्याकाळी ठेंगूला आठवायचं, दोघं हसायचे. दुसऱ्या दिवशी दुसरंच काहीतरी गेलेलं.

तीन कामगार माणसं याच्यात इतकी का गुंतली असतील? मला सांगता येणार नाही. अण्णा म्हणायचे, "काही नाही, झोप जात नाही म्हणून बघतो." वेल्डर म्हणायचा, "फालतू आहे," आणि लंबूचा कोट निळा की लाल यावरून अण्णांशी चार दिवस भांडायचा. टीव्ही ब्लॅक अँड व्हाइट.

अडचण अशी होती की दुपारी एकला फर्स्टवाला कारखान्यात असायचा आणि नाईटवाला खाटेवर मेल्यासारखा झोपलेला. बघायला मोकळा फक्त सेकंडवाला. त्याची ड्यूटी साडेतीनला. म्हणून ठरलं, ज्याचा सेकंडचा आठवडा त्यानं कार्टून बघायचं आणि निघण्याआधी वहीत लिहून ठेवायचं. नाईटवाला उठल्यावर वाचेल, फर्स्टवाला आल्यावर. आवाज मात्र अगदी बारीक, झोपलेल्याची झोप मोडता कामा नये. आवाज इतका बारीक की ऐकायचं तर टीव्हीला कान लावायला लागायचा, आणि कान लावला की चित्र दिसायचं नाही. म्हणजे एकतर ऐका नाहीतर बघा.

अण्णांचं लिहिणं तार केल्यासारखं. "ठेंगू पोहणं विसरला. लंबूने ढकलला. आठवलं." वेल्डर गोष्ट लिहायचाच नाही, नुसतं मत लिहायचा, "आज लंबूचं चुकलं." काय चुकलं ते त्यालाच माहीत. मी मात्र दोन-दोन पानं लिहायचो. समुद्र कसा होता, आजी दारात कशी उभी होती, ठेंगू कसा ओशाळला. जे ऐकू आलं नाही ते अंदाजानं. एका सुट्टीच्या दिवशी अण्णा जेवता जेवता म्हणाले, "भो, तू तं मास्तर शे! वाचताना मला बघितल्यासारखं वाटतं." वेल्डरनं मान हलवली आणि त्या दिवसापासून मला मास्तर म्हणायला लागला. करपलेल्या भाताबद्दल त्या दिवशी कुणी काही बोललं नाही. मला कळलं, माझी जागा आता या वहीत आहे.

आणि त्याच वहीत, उन्हाळ्याच्या तोंडाशी, अण्णांच्या अक्षरात एक ओळ आली. "मेव्हणा कामाला यायचं म्हणतो. जागेचं बघू."

ती ओळ मी स्टोव्हजवळ उभा राहून चारदा वाचली. जागा म्हणजे काय? चौथं डोकं मावशी चालवून घेणार नाहीत. मग तिघांतलं एक जाणार. अण्णा जाणार नाहीत, खोली त्यांची. वेल्डर जाणार नाही, तो माझ्या आधीपासून अण्णांच्याच ओळखीचा. मी बोटं मोजली. मोजायला फार बोटं लागली नाहीत.

पुढचा सेकंडचा आठवडा माझा होता. मी ठरवलं, असं लिहायचं, असं लिहायचं की मला काढताना त्यांचा हात धजावू नये.

सोमवारी साडेबाराला लाइट गेली. त्या दिवसांत लोडशेडिंगचं वेळापत्रक पेपरात यायचं आणि आठवड्याला बदलायचं. पेपर खाली मावशींकडे यायचा. मी जाऊन पाहिलं. आमच्या भागाला अख्खा आठवडा दुपारी साडेबारा ते तीन.

सरळ "लाइट नव्हती" एवढं लिहायला काय हरकत होती? आज वाटतं, काहीच नव्हती. तेव्हा मला वाटलं, मास्तरकी गेली की मी पुन्हा करपलेला भात.

तेवढ्यात खाटेवर वेल्डर कुशीवर वळला. तो नाईट करून आला होता. पंखा बंद, वर पत्रा तापलेला. हा जागा झाला तर लाइट गेल्याचं कळणार आणि लाइट नाही म्हणजे कार्टून नाही. मी टीव्हीच्या खोक्याचा पुठ्ठा ओढला आणि त्याला वारा घालायला लागलो. एक हात दुखला की दुसरा. अडीच तास. पुठ्ठा डाव्या हातात असताना उजव्या हातानं वही मांडीवर घेऊन लिहीत होतो, आणि उजव्या हातात आला की विचार करत होतो. मधे एकदा वेल्डरनं एक डोळा उघडला.

"काय करतोस रे?"

"माशा आहेत."

"मार की मग, हाकलतोस काय," म्हणाला आणि परत घोरायला लागला.

आता लिहायचं काय? मला समुद्र माहीत नव्हता, मी तोवर पाहिलाही नव्हता. मला माहीत होता आमच्या पाड्याखालचा ओहळ आणि माझा तिथला मित्र. तोही उंच होता. मग मी लिहिलं, ठेंगू आज खेकडे धरायचं विसरला. लंबूनं त्याला ओहळावर नेलं. दगड हळू उचलायचा, पाणी गढूळ होऊ द्यायचं नाही, खेकड्याला मागून धरायचं. लहानपणी एकदा ठेंगूनं बिळात हात घातला होता आणि खेकड्यानं अंगठा असा धरला की ठेंगू खेकड्यासकट घरापर्यंत बोंबलत गेला होता. लंबूनं ते सांगितलं, ठेंगूनं आपल्या अंगठ्याकडे पाहिलं, आणि आठवलं.

संध्याकाळी अण्णांनी खाली लिहिलं, "फार चांगलं." वेल्डरनं लिहिलं, "तिकडे पण खेकडे? रस्सा करतात का ते लिहिलं नाहीस."

मंगळवारी लिहिताना चारदा खोडलं, बुधवारी एकदाही नाही. एके दिवशी मी लंबू-ठेंगूंना वसतिगृहातून पळवलं. मी आणि तो मित्र आश्रमशाळेतून पळालो होतो तसंच. डोंगर उतरून खाली आलो तर समोरून मुख्याध्यापकच बाजार करून सायकलवर येत होते. ते काही रागावले नाहीत. एकाला पुढं नळीवर बसवलं, एकाला मागं कॅरिअरवर, दोघांच्या मांडीवर भाजीच्या पिशव्या दिल्या आणि चढ आला की दोघांना उतरवून सायकल ढकलायला लावली. मी सगळं लिहिलं, फक्त नागलीचं शेत होतं तिथं समुद्र टाकला. अण्णांनी विचारलं, "त्यांच्याकडे मास्तरला भाजी स्वतःच आणावी लागते का?" मी लिहिलं, "हो. लहान गाव आहे."

शनिवारी, आठवड्याच्या शेवटच्या दिवशी, माझ्याजवळचं हसण्यासारखं सगळं संपलं होतं. राहिलं होतं ते भलतंच, कुणाला न सांगितलेलं. नाशिकला यायचं आम्हा दोघांचं ठरलं होतं, मी आणि माझा मित्र. आदल्या दिवशी त्यानं शब्द फिरवला. म्हणाला, आईला सोडून येत नाही. मी नको नको ते बोललो आणि पहाटेच्या गाडीनं न सांगता निघून आलो. ते मी लिहिलं. लंबू आणि ठेंगू यांचं मोठं भांडण झालं होतं, लिहिलं, आणि आज सकाळी उठला तर ठेंगू नेमकं ते भांडणच विसरला होता. नेहमीसारखा हसत लंबूच्या दारात आला. लंबूला कळेना, आठवून द्यावं की नाही. दिवसभर बरोबर फिरला. संध्याकाळ झाली. लंबूनं काही सांगितलं नाही. दोघं शेजारी बसून राहिले.

ते वाचून अण्णांनी वहीत काही लिहिलं नाही. सुट्टीच्या दिवशी पहाटेच उठले, धुवट शर्ट घातला आणि म्हणाले, "गावाला जाऊन येतो. उद्या येईन." वेल्डरनं कारण विचारलं तर म्हणाले, "काम शे." मला वाटलं, मेव्हण्याला आणायला चालले.

आणि तसंच झालं. सोमवारी अकराला मी नाईट करून येऊन आडवा झालो होतो, तेव्हा जिन्यावर पत्र्याची पेटी आपटल्याचा आवाज आला. अण्णा आत आले, मागं त्यांचा मेव्हणा. विशीचा, केसांना तेल, पेटीवर हार घातलेला. आईनं घातला असावा. मी डोळे मिटून घेतले. आता अण्णांचा सेकंडचा आठवडा, वेल्डर फर्स्टला. मी पडल्या पडल्या साडेबाराची वाट बघत होतो. लाइट गेली की आजच्यापुरता सुटलो.

साडेबारा झाले. पंखा चालू. एकला पाच कमी. पंखा चालूच. सोमवार होता, वेळापत्रक बदललं होतं. हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. टीव्हीचं बटण खट्ट वाजलं.

"आवाज बारीक ठेव," अण्णा मेव्हण्याला म्हणाले, "मास्तर झोपलाय."

मी चादर डोक्यावर ओढली. कान टवकारून मी ऐकत होतो. अण्णा मेव्हण्याला समजावत होते, "हा लंबू, हा ठेंगू. परवा यांचं मोठं भांडण झालं होतं." मेव्हण्यानं टीव्हीला कान लावला असावा. मग मेव्हणा म्हणाला, "हे तर सांगतायत की ते आयुष्यात कधी भांडलेच नाहीत." मग अण्णा, "ओहळ कुठं गेला?" मेव्हणा, "कोणता ओहळ? समुद्र आहे की." अर्धा तास मी श्वास मोजून घेतला. झोपलेला माणूस कसा श्वास घेतो हे तेव्हाच कळलं की आपल्याला माहीत नाही.

ते निघून गेल्यावर वहीकडे धावलो. अण्णांनी लिहिलं होतं, "ठेंगू होडीचं नाव विसरला. आठवलं. खेकडे नाहीत. सुट्टीला बसू."

सुट्टी सहा दिवस लांब होती. आमच्या खोलीत भांडायचं म्हटलं तरी तिघं जागे असायला लागायचे. त्या सहा दिवसांत मी जे केलं ते सांगायला लाज वाटते. स्टोव्ह विटकरीनं घासला. मावशींची टाकी धुतली. वेल्डरच्या चपलेचा अंगठा शिवून आणला. अण्णांच्या गादीला ऊन दाखवलं. मेव्हण्याला काम शोधायला सातपूरच्या एमआयडीसीची वाट मीच दाखवली, पाच कारखान्यांच्या गेटवर त्याच्याबरोबर उभा राहिलो. तो बिचारा म्हणाला, "तुमच्यासारखा माणूस नाही बघितला." मी त्याचेही आभार मानले. मावशी वर बघायच्या तेव्हा तो संडासात असायचा, तो बाहेर यायचा तेव्हा मी. त्याची चप्पल मी पिशवीत घालून ठेवायचो. शुक्रवारी त्याला एका वर्कशॉपमध्ये लावून घेतलं. शनिवारी मी माझी बॅग भरली.

सुट्टीच्या दिवशी जेवण झाल्यावर अण्णांनी वही खिळ्यावरून काढली आणि मधोमध ठेवली.

"सांग."

मी सगळं सांगितलं. लाइट, वेळापत्रक, ओहळ, मित्र. वेल्डर ऐकता ऐकता एकदम ताठ बसला.

"थांब थांब. आठवडाभर लाइट नव्हती? मग मी झोपलो कसा?"

"मी वारा घालत होतो."

"कशानं?"

"पुठ्ठ्यानं."

"रोज?"

"गुरुवारी लाइट लवकर आली होती."

मेव्हण्याला हसू आवरेना. वेल्डरनं त्याच्याकडे असं पाहिलं की तो खोकायला लागला. मग वेल्डर माझ्याकडे वळला, "हे बघ, माझ्या लग्नाची बोलणी चालली आहेत. हे बाहेर कुणाला सांगशील तर याद राख." थोड्या वेळानं, स्वतःशी बोलल्यासारखा, "तरीच म्हटलं, त्या आठवड्यात झोप काय मस्त लागली."

अण्णा हसले नाहीत. म्हणाले, "माझं ऐक. गावात माझा एक मित्र शे. लहानपणापासूनचा. अकरा वर्षांपूर्वी पोळ्याला वेशीतून पहिली बैलजोडी माझी जायची होती, यानं त्याची पुढं घातली. त्या दिवसापासून मी बोललो नाही. अकरा वर्षं त्याच्या दारावरून जाताना मान दुसरीकडे. मान दुखायची माझी! तुझं ते शनिवारचं वाचलं आणि रात्रभर मला झोप नाही. सकाळी उठून गेलो त्याच्या ओट्यावर. म्हटलं, जाऊ दे, ते पोळ्याचं सोड. तर तो म्हणतो, 'कोणता पोळा?'"

"म्हणजे?" वेल्डर म्हणाला.

"म्हणजे त्याला काही माहीतच नाही! त्याला वाटत होतं, मी नाशिकला जाऊन साहेब झालो म्हणून बोलत नाही. अकरा वर्षं मी एकटाच भांडत होतो."

"मग काय केलं तुम्ही?" मी विचारलं.

"काय करणार? जेवलो त्याच्याकडं. शेवभाजी होती." अण्णांनी वही मिटली. "आता तूच सांग मास्तर, परत जाऊन त्याला काय सांगू? तो भाग खोटा होता, चल पुन्हा भांडू?"

मी उठून खाटेखालची बॅग ओढली.

"ही कुणाची?"

"माझी. मेव्हण्याला जागा हवी ना. मावशी चौघांना ठेवणार नाहीत. तुम्ही इतके दिवस ठेवलंत तेच…"

"आभार मानलेस तर बघ," वेल्डर म्हणाला. त्यानं वहीचं शेवटचं पान फाडलं, पेन घेतलं आणि तीन चौकोन काढले. "आठवी झाली ना तुझी? फर्स्ट, सेकंड, नाईट. माणसं चार. काही झालं तरी एक जण कायम कारखान्यात. म्हणजे खोलीत जास्तीत जास्त किती?"

"तीन," मी म्हटलं.

"मावशीचा नियम किती?"

"तीन."

"शाळा सोडलीस हेच बरं केलंस. मास्तरांचं आयुष्य वाचलं."

राहिला प्रश्न सुट्टीच्या दिवसाचा, कारण त्या दिवशी चौघंही खोलीत. ठरलं, दर सुट्टीला एकानं बाहेर जायचं. पहिला नंबर अण्णांनी मला दिला, शिक्षा म्हणून. "गावाला जा. कधी गेला होतास?"

"दिवाळीला."

"आता वैशाख चालू शे. त्या लंबूला भेट."

गेलो. मित्र शेताच्या बांधावर दगड रचत होता. अण्णांच्या मित्रासारखा तो विसरला असेल अशी मला थोडी आशा होती. तो काही विसरला नव्हता. मी त्या दिवशी बोललेला शब्द न् शब्द त्यानं मला बोलून दाखवला, माझ्याच आवाजात. मग म्हणाला, "बोलत काय बसलास, तो मोठा दगड उचल." संध्याकाळच्या गाडीपर्यंत मी त्याच्या बांधाचे दगड उचलले. मधे भाकरी खाताना मी वहीतल्या खेकड्याचं सांगितलं. तो हसला नाही. आपला अंगठा माझ्यासमोर धरला. व्रण त्याच्या अंगठ्यावर होता.

"बिळात हात मी घातला होता," तो म्हणाला. "तू झाडावर होतास."

मी त्याच्या आईला विचारलं. तीही म्हणाली, "तू झाडावं होतास."

आता मी दक्षिणेतल्या एका कारखान्यात आहे, मराठी बोलायला फोन लावावा लागतो. आणि अजूनही तो अंगठा माझाच असल्यासारखा मला दुखलेला आठवतो. काय करायचं?

कार्टून कायमचं संपलं तेव्हा सेकंडचा आठवडा पुन्हा अण्णांचा होता. त्यांनी लिहिलं, "संपलं. ठेंगूला सगळं आठवलं नाही. लंबू गेला नाही." मी कितीदा विचारलं, आणखी काय झालं, शेवटी काय म्हणाले. अण्णा म्हणायचे, "लिहिलंय ना."

चौघांचं दोनेक महिने सुरळीत चाललं. माझी धास्ती मात्र गेली नव्हती. सगळं उघडकीला आलं तर मावशी ज्याला चौथा म्हणून बाहेर काढतील तो मी, हे मी मनात धरूनच होतो. जुन्या तिघांत शेवटी आलेला, कांद्याच्या पोत्याबरोबर. आणि एका सकाळी मी दूध घेऊन येत होतो तर मावशी जिन्याच्या तोंडाशी उभ्या.

"इकडे ये."

मी पुढं झालो.

"मी काय आंधळी आहे का रे? वर किती आहेत मला माहीत नाही?"

"मावशी, मी आजच्या आज…"

"मधे बोलू नको. तुम्ही तिघं जुने, तुमचं काही नाही. तू तर टाकीसुद्धा धुतोस. पण तो चौथा, तेल लावणारा, तो अंघोळीला तीन बादल्या घेतो. त्याला सांग. एक बादली. नाहीतर मी सांगेन."

मी मान हलवली. आभार मानायचं सुचलं नाही, आयुष्यात पहिल्यांदा. वर आलो तर मेव्हणा टॉवेल गुंडाळून बादली घेऊन निघालेला. मी दूध खाली ठेवलं, स्टोव्ह पेटवला आणि त्याच्याकडे न बघता म्हणालो, "एकच बादली घे. या खोलीचे काही नियम आहेत."